मापटंभर मोहरी

लाईट मध्यरातीनंतर येणार हाय, तवर कुठं हलू नका. मोटर चालू झाली की एकानं पाटावर, एकानं बांधावर. आन् राजवीर, तो मोबाईल खिशात घाल. तुझ्या तोंडावर उजेड पडतोय, मला बोलायला जमंना. भुताची गोष्ट पायजे म्हणलास न्हवं? मग ऐक. ही आज्या-पणज्याच्या काळातली न्हाय. ज्याच्यासंगं झाली तो जिता हाय. शिरोळकडं गेलास तर आजून दिसंल. गावाचं नाव मी सांगत न्हाय, न्हायतर तुम्ही उद्या गाड्या काढून जाल आन् त्याच्या दारात रील काढत बसाल.

गुंडू त्याचं नाव. मी आन् तो एकाच कारखान्याला कितीतरी हंगाम ऊस वाहिलाय. ट्रॅक्टरच्या रांगेत रातभर थांबायचं, ट्रॉलीखाली चूल मांडायची, एका ताटात खायाचं. माणूस वाईट न्हवता. भित्रा व्हता. भित्रा माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो, पण ते पुढं कळंल.

दोन हजार तेवीस साल. नागपंचमीचा दुसरा दिवस, मंगळवार. आठवतंय का, त्या साली श्रावणात पाऊसच न्हवता. रस्त्यानं धुरळा उडायचा. दिवेलागणीला गुंडू इथं बावड्यात माझ्या दारात व्हॅन घेऊन हजर. मला म्हणला, "तात्या, कटावणी हाय का?"

म्हणलं, "कशाला?"

"एक खिळा काढायचाय."

मी हसलो. म्हणलं, "एका खिळ्यापायी शिरोळहून आलास व्हय? तिकडं कटावण्या संपल्या?"

"इथंच मंगळवार पेठेत चाललोय, शालूबाईस्नी न्यायला. गावात कुणाकडं मागितली आसती तर कशाला म्हणून विचारलं आसतं." ही शालूबाई कोण, ते पुढं येतंय. चहा दिला, तो निम्मा ठेवला. कटावणी घेतली आन् गेला. एवढंच काम. मी आपला बातम्या बघत बसलो.

आता खिळा कसला, ते सांगतो.

गुंडूची बायको क्रांती, गडहिंग्लजकडची. हसरी पोरगी, कामाला खमकी. लग्न होऊन दोनेक वर्षं झाली आन् दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरात, ही आपली रीत. एकोणीस सालच्या पंचमीच्या तोंडावर तिचा भाऊ न्यायला आला. नववा लागलेला. गुंडूच्या आईनं, धोंडुबाईनं, त्या भावाला चहा पाजला, इकडचं तिकडचं विचारलं आन् परत लावला. का? तर सून गेली तर चार म्हशींच्या धारा कोण काढणार? "आजून पंधरा दिस जाऊ द्या की, मग न्या," आसं म्हणली. क्रांती आत पिशवी भरून बसलेली. कुंकू लावून, नवं लुगडं नेसून बसलेली, लेको. भावाची गाडी गेलेली ऐकली आन् उठून शेण काढायला गेली.

मग पाणी आलं. त्या सालचं पाणी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही शाळेतनं घरी बसलाता. कृष्णा गावात शिरली ती शिरलीच. रातीला दारात गुडघाभर पाणी आन् क्रांतीला कळा सुरू. ट्रॅक्टर-ट्रॉली दारात उभी. आता सांगा, ट्रॉलीत आधी कुणाला घालायचं?

म्हशी गेल्या.

धोंडुबाई म्हणली, "पहिलटकरीण हाय, रातभर लागतंय तिला. म्हशी बुडाल्या तर खायाचं काय?" आन् गुंडू गेला. माळावर म्हशी सोडतो, आन् परत येतो, आसं बायकोला सांगून गेला. परत फिरंपतुर रस्ता पाण्याखाली. ट्रॅक्टर निम्म्यात बंद पडला. सासू-सुना दोघी घरातल्या माळ्यावर चढलेल्या. दोन राती. क्रांती सारखं एकच म्हणायची, "आत्ती, मला माहेरी लावा की." सासूला आत्ती म्हणायची ती. दुसऱ्या रातीला आवाज बारीक झाला. मग न्हाय आला. पोटातलं पोटातच राहिलं.

बोट आली तवा दोघींनाबी खाली उतरवलं. एकीला झाकून.

माळावरच रस्त्याकडंला तिला जाळली. आन् पाणी उतरल्यावर घरला जायच्या आधी सुरू झाली भीती. पोटुशी बाई गेली की परत येते म्हणतात. देवऋषी आला. त्यानं सांगितलं, जाळलेल्या जागेपासनं घरापतुर मोहरी पेरत जा. एक एक दाणा वेचल्याबिगर तिला पुढं पाऊल टाकता येत न्हाय. आन् उंबऱ्यात मंतरलेला खिळा ठोका, म्हणजे वेचत वेचत आली तरी आत पाय ठेवणार न्हाय. धोंडुबाईनं मापटंभर मोहरी घेतली आन् माळापासनं दारापतुर चिमूट-चिमूट टाकत आली. खिळा गुंडूनं ठोकला. जितेपणी माहेरी जाऊ दिलं न्हाय, मेल्यावर घरात येऊ दिलं न्हाय. माझ्या तर तोंडात शिव्या येतात, पण तुम्ही लहान हाय.

न्हाय, थांब. विचारू नकोस आजून. सांगतोय की.

सहा म्हैन्यांत धोंडुबाईचं सुरू झालं. रातीला उठायची, बाहेरल्या सोप्यात उकिडवी बसायची आन् उजव्या हातानं भुईवरनं काय तरी वेचायची. चिमटीत धरायची, डाव्या मुठीत टाकायची. परत वेचायची. भुईवर कायबी न्हाय. फरशी नुसती. सकाळपतुर नखातनं रगत यायचं. गुंडूनं हात धरले तर झोपेतच म्हणायची, "सोड, लई राहिल्यात." पुढं पुढं डावी मूठ दिवसाबी उघडंना. आंघोळीला उघडंना, जेवायला उघडंना. आत नखं वाढली, तळहातात रुतली, वास मारायला लागला.

मिरजंला डॉक्टर केले. गोळ्यांनी झोप लागायची, पण झोपेतबी हात चालायचा. मग देवऋषी, एक झाला की दुसरा. कोंबडी झाली, बकरं झालं. एकानं मिरचीची धुरी दिली. एकानं कडुनिंबाच्या फोकांनी पाठ सोलली आन् विचारत राहिला, "कोण हायस तू, बोल." म्हातारी वरडायची, "मी धोंडुबाई हाय रं, मी धोंडुबाई." ते कुणाला पटायचं न्हाय. धरून कोण बसायचा? गुंडू.

मिरजंच्या दवाखान्यातच शालूबाई भेटली. मंगळवार पेठेतली ख्रिस्ती बाई, आपल्या भावाच्या खाटंजवळ बसलेली. आंगानं थोराड, दम्याची, जिन्याच्या चार पायऱ्या चढली की खाली बसणारी. चहाची लई शौकीन. तिनं मूठ बघितली. कुणी केलं, कधी झालं, काय विचारलं न्हाय. जवळ आली आन् म्हणली, "काय धरून बसलीस गं बाई?"

तेवढ्यावर धोंडुबाई रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मग दर रविवारी एसटीनं मंगळवार पेठ. शालूबाईच्या खोलीत दहा-बारा माणसं जमायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. मी काय ख्रिस्ती न्हाय. मी जोतिबाचा माणूस, चैत्राला डोंगर चढतो, मरंपतुर चढणार. पण बघितलेलं खोटं कशाला बोलू? म्हातारी निजायला लागली. हाताचं वेचणं थांबलं. भावकीनं बोलणं टाकलं, हळदी-कुंकवाला बोलवंनात, पाणवठ्यावर बायका टोमणे मारायच्या. ती म्हणली, "माझ्या पाठीवर कडुनिंब मोडला तवा तुमच्यातलं कोण आलतं सोडवायला?" बाप्तिस्मा घेतला. गुंडूनंबी घेतला, आईच्या मागनं.

पण मूठ उघडंना. शालूबाईनं उपास केले. चर्चचे पाळक आले, डोक्यावर हात ठेवून गेले. वेचायचं थांबलं, पण धरलेलं सुटंना.

मग एकदा शालूबाई त्यांच्या घरला आली आन् उंबऱ्याला अडखळली. वाकून बघितलं. खिळ्याचं डोस्कं. म्हणली, "हे काय?" धोंडुबाईनं सगळं सांगितलं. भाऊ, म्हशी, माळा, मोहरी. शालूबाईनं ऐकून घेतलं, दम खाल्ला आन् म्हणली, "देव काय देवऋषी हाय व्हय गं? त्याला लिंबू लागत न्हाय, कोंबडं लागत न्हाय. त्याला तू सगळी लागतीस. तू त्याला आत बोलावतीस आन् दारात खिळा ठेवून बसतीस. तिला बाहेर बांधलीस, तूच बांधली गेलीस. त्याच्या पायावर पड, केलं ते तोंडानं बोल, आन् काढ तो."

धोंडुबाई लगेच तयार. गुंडू न्हाय. रविवारी मान खाली घालून आमेन म्हणायचा, पण खिळा म्हणलं की घाम. आज नको, उद्या बघू. आमुशा झाली की. पंचमी झाली की. पंचमीदिवशी तर अडूनच बसला, आज लोखंड भुईला लावायचं नसतं म्हणून. बाप्तिस्मा झालेला गडी, लेको. देवाला अर्धा दिला, अर्धा भीतीला ठेवला. म्हणून दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आईनं त्याला बाहेर काढला. जा, शालूबाईस्नी घेऊन ये. तवा तो माझ्याकडं कटावणीला आलता.

तर ती रात.

जवळ सरका जरा. मोठ्यानं बोलवत न्हाय मला.

घर गावाच्या कडंला. तिघंच आत. दार उघडं. बल्ब लावलेला. शालूबाईनं लांब प्रार्थना केली, मधी मधी दम लागायचा, परत सुरू करायची. मग गुंडूला म्हणली, "काढ." गुंडूनं कटावणी खिळ्याला लावली. दोनदा निसटली. धोंडुबाईनं त्याच्या हातातनं काढून घेतली. उजव्या हातानं धरली, डावी बंद मूठ खाली टेकू लावली आन् दाराकडं तोंड करून बसली.

म्हणली, "क्रांती. बाई. तुझा भाऊ आलता. मी परत लावला. म्हशीपायी लावला. पाण्यात तुला ठेवली, तीबी मीच. गुंडूला मी सांगितलं." मग वर न बघताच म्हणली, "देवा, मी केलं. दुसऱ्या कुणी न्हाय. आता तू करशील ते कर. मी काय म्हणणार न्हाय."

आन् जोर लावला.

खिळा निघाला. फरशीवर पडला, आवाज झाला.

मग... काय न्हाय.

रातकिडे गप झालते. बल्ब जळतोय तसा जळतोय. बाहेर धुरळा, सुक्की वाट. आन् वास आला. पुराचा गाळ कुजतो न्हवं, घर धुताना येतो... तो वास. पाऊस न्हाय. पाणी न्हाय. वास.

मग आवाज. बारीक. पत्र्यावर दाणा पडावा तसा. एक. मग थांबून... एक.

दाराजवळ आला.

गुंडू भिंतीला चिकटला. शालूबाई डोळे मिटून पुटपुटत व्हती. धोंडुबाई तेवढी बघत व्हती. बाहेर, उंबऱ्यापाशी. तिला काय दिसलं, तिनं कधी सांगितलं न्हाय. ती नुसती एका अंगाला सरकली. लग्नघरात बसायला जागा करून देतात बघ, तशी.

"ये," म्हणली. "आत ये, बाई."

वास आत आला. तिच्या अंगावरनं गेला. सैपाकघराकडं गेला.

आन् तिची मूठ उघडली. आधी करंगळी. मग बाकीची. आत काय न्हवतं, पांढराफटक तळहात आन् नखांच्या खुणा. म्हातारी हाताकडं बघत रडत व्हती आन् हसत व्हती. शालूबाई आमेन म्हणली, खाली बसली आन् म्हणली, "गुंडू, चहा ठेव."

गुंडू सैपाकघरात जाईना.

चहा न पिताच दोघी बाया आडव्या झाल्या. पडल्या तशा झोपल्या. आन् गुंडू जागा. दाराकडं बघत. खिळा तिथंच पडलेला. त्याला वाटलं, आज आली... गेली आसंल. उद्या परत आली तर? परवा आली तर? आई म्हातारी, तिचं झालं. मला ह्या घरात जन्म काढायचाय.

उठला. दार लोटलं. खिळा त्याच भोकात धरला. कटावणीच्या पाठीनं ठोकला. वीतभर लोखंड, दोन-तीन घावात बसला.

धोंडुबाई जागी झाली. "गुंडू, काय करतोस?"

"काय न्हाय, आई. निज. दार लावलं."

म्हातारी परत कलंडली.

मग त्याच्या पाठीमागनं... आतनं. सैपाकघरातनं. हळू.

"दार लावलंसा व्हय?"

...

थांबा. तंबाखू मळतो जरा.

सकाळी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला मापटं ठेवलेलं. तेच मापटं, पुराच्या आधीपासनं घरातलं. काठोकाठ मोहरी. जुनी, काळी पडलेली, गाळ लागलेली. चार वर्षांमागं माळापासनं दारापतुर सांडलेली मोहरी. चार पावसाळे गेलते तिच्यावर, मेंढरं गेलती, ट्रॅक्टर गेलते. सगळी वेचून आणलेली.

धोंडुबाईनं ती बघितली. मग खिळा बघितला. मग पोराकडं. "काढ," म्हणली. "लेकरा, ती वेचून आली. आता तू तिला आत कोंडलीस. आन् तुला तिच्यासंगं. काढ आन् तिची माफी माग. मी मागितली, मला मिळाली की. एवढंच असतंय रं."

गुंडू म्हणला, "बघू, आई. हंगाम झाला की."

म्हातारीनं पदर खोचला आन् शालूबाईबरोबर बाहेर पडली. परत गेली न्हाय. आता मंगळवार पेठेत शालूबाईच्या शेजारची खोली घेऊन राहते. दोन्ही हातांनी भाकरी थापते. मी जातो कधी कधी, तव्यावरची देते. गावानं टाकली, भावकीनं टाकली, पोटचं पोर मागं राहिलं, तरी ती सुखानं निजते. मी विचारलं, "धोंडुबाई, गुंडूचं काय?" तर ताटाकडं बघत म्हणली, "त्याच्यासाठी मी रोज मागते. पण त्याच्या वतीनं मला शरण जाता येत न्हाय, जोतीराम. ते ज्याचं त्यालाच जावं लागतंय."

गुंडू रविवारी येत न्हाय. दुसरं लग्न झालं न्हाय, कोण पोरगी देणार? पुढल्या दारानं जात न्हाय, परड्यातनं ये-जा करतो. आन् रोज रातीला मापटं घेतो आन् आपल्या खाटंपासनं सैपाकघरापतुर मोहरी सांडतो. कशाला? तर म्हणतो, "वेचत बसली की माझ्याकडं येत न्हाय, तात्या." सकाळी उठतो तर मापटं भरून उंबऱ्याशी. परत रातीला सांडतो. देवऋष्यानं सांगितलेलं एवढंच त्याला पाठ. देवानं सांगितलेलं ऐकायला वेळ न्हाय.

ह्या पंचमीला धोंडुबाईनं माझ्याकडं दिंडं दिली त्याच्यासाठी, गुळाची. निरोप दिला, खिळा काढ. मी सकाळी लवकर गेलो. परड्याकडनं आत घेतलं त्यानं. वाळून गेलाय. मी म्हणलं, "माझी कटावणी कुठाय? आण, मी काढतो. तू नुसता हात जोड."

म्हणला, "आजून पंधरा दिस जाऊ द्या की, तात्या."

आईचंच वाक्य. त्या भावाला बोललेलं. त्याला ते कळलंबी न्हाय. माझा असा संताप झाला, वाटलं दिंडं त्याच्या तोंडावर मारावी. कटावणी मीच शोधतो म्हणून सोप्यात आलो. उंबऱ्याशी वाकलो.

मापटं तिथंच. काठोकाठ भरलेलं. वरनं हात फिरवून सपाट केलेलं, बायका मापताना करतात तसं.

आन् त्याच्या शेजारी, खाली फरशीवर...

दुसरा ढीग.

लहान. चिमूटभरच.

म्हणलं, "गुंडू, हे काय?"

तो बघंना. भिंतीकडं तोंड करून म्हणला, "चार-पाच दिस झाले."

ते बाळ जगलं आसतं तर आता सहावं लागलं आसतं. शाळेत गेलं आसतं.

ढीग नीट न्हवता. दाणे इकडं-तिकडं सांडलेले. लहान मुठीत मावत न्हाय न्हवं सगळं... तसे.